फ्पुव दो त्शेचेय, म्हणजे अडीच

पोलंडमधल्या क्राकूवला येऊन मला आता नऊ महिने होतील. पोलिश भाषा येते असं मी कुणाला सांगणार नाही, पण आकडे येतात आणि घड्याळ कळतं. एवढ्यावर अर्धा दिवस निभतो. नुकतंच कुणी इथे येऊन दुकानात कार्ड पुढे करून गप्प उभं राहत असेल, तर त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

आम्ही ९ ऑक्टोबर २०२३ला पोचलो. नवऱ्याची नोकरी, साडेचार वर्षांची लेक, आणि मी. सोबत चार बॅगा आणि मोबाइलवर भाषांतराचं ॲप. पहिल्या आठवड्यात वाटलं, निभेल की! शहरातल्या पुष्कळ दुकानांत इंग्रजी चालतं, किंमत यंत्रावर दिसते. पण आमच्या इमारतीखालच्या बेकरीतल्या बाईंकडे इंग्रजी नव्हतं आणि यंत्राची पाटी त्यांच्या बाजूला होती. मी दोन पाव मागितले, 'द्वा बुव्की'. त्यांनी हसून दुरुस्त केलं, 'द्व्ये बुव्की'. मग किंमत सांगितली. मी वीस झ्वोतींची नोट काढली, कारण नोट दिली की आकडा समजून घ्यावा लागत नाही. महिनाभरात घरात चिल्लरीचा डबा भरला.

झ्वोती हे इथलं चलन. लिहिलेलं पाहिलं तर 'झ्लोती' वाटतं, पण त्यातल्या ल-ला तिरकी रेघ असते आणि तशा ल-चा उच्चार व-सारखा होतो.

त्या डब्याकडे बघून मी एक ते दहा पाठ करायला घेतलं. येदेन, द्वा, त्शी, च्तेरी, प्येंच, शेश्च, शेदेम, ओशेम, जेव्येंच, जेशेंच. आधी वाटलं, हे जिभेला जमणार नाही. मग चारपाच दिवसांनी भांडी घासताना लक्षात आलं की यातले बरेच जण ओळखीचे आहेत. द्वा म्हणजे द्वि. च्तेरी हा चत्वारि. प्येंच आणि पंच यांच्यात फरक तो काय? शंभराला 'स्तो' म्हणतात, तो आपला शत. लांबच्या नात्यातली माणसं लग्नात भेटावीत आणि नाकावरून ओळख पटावी, तसं झालं. उच्चाराच्या बाबतीतही आपण मराठी माणसं नशीबवान आहोत. 'चाक'मधला च वेगळा आणि 'चार'मधला वेगळा, हे आपल्याला आईच्या मांडीवरच कळलेलं असतं. पोलिशमध्ये हे दोन्ही च लागतात.

खरा वैरी नऊ आणि दहा. जेव्येंच, जेशेंच. घाईत बोललेले हे दोन शब्द मला अजूनही कधीकधी सारखे ऐकू येतात. त्याखालोखाल बारा आणि वीस: द्वानाश्चे आणि द्वाजेश्चा. मी एक युक्ती केली. शब्दाचा शेवट सोडून द्यायचा आणि मधे 'ना' आहे का ते ऐकायचं. 'ना' आला की अकरा ते एकोणीस, 'जे' आला की वीसच्या पुढचं. सगळीकडे चालते असं नाही, पण बाजारात चालते.

वीसच्या पुढे मात्र सुटकेचा निःश्वास टाकला. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'एकवीस'ऐवजी 'वीस एक' असं आलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता आठवतं? मीही तावातावाने बोलले होते. इथे अख्खा देश 'वीस एक'च म्हणतो: द्वाजेश्चा येदेन. सत्तेचाळीसला 'चाळीस सात'. आपल्यासारखे एकवीस ते नव्व्याण्णव सुटे सुटे पाठ करावे लागत नाहीत. एक ते एकोणीसचे एकोणीस शब्द आणि वीसपासून नव्वदपर्यंत दहाच्या पटीचे आठ, एवढं आलं की नव्व्याण्णवपर्यंत पोचलात. त्या दुसरीच्या मुलांविषयी मला थोडी उशिरा सहानुभूती वाटली.

अर्थात पोलिश भाषा एका हाताने देते आणि दुसऱ्या हाताने काढून घेते. एक झ्वोती, दोन-तीन-चार झ्वोते, पाचपासून झ्वोतीख. ते थेट एकवीसपर्यंत झ्वोतीखच, मग बावीस-तेवीस-चोवीस पुन्हा झ्वोते आणि पंचवीसला पुन्हा झ्वोतीख. मी यात फार जीव घातला नाही. चुकीचा शेवट लावला तरी पाव मिळतात.

नोव्हेंबरच्या ६ तारखेला वर्ग सुरू झाला. सोमवारी आणि बुधवारी संध्याकाळी, चाळीस तासांचे ८४० झ्वोती. पहिल्याच दिवशी मी हिशेब केला आणि चक्रावले, कारण वेळापत्रकात दीड तासाच्या वर्गाला 'दोन तास' लिहिलं होतं. शिकवण्याचा तास इथे पंचेचाळीस मिनिटांचा धरतात. म्हणजे आपला पाऊण तास. चाळीस तास म्हणून भरलेले पैसे खरे तीस तासांचे होते. कुणी फसवत नाही, पद्धतच तशी आहे. पण पैसे भरण्याआधी विचारून घ्या.

वर्गात आम्ही नऊ जण होतो, बहुतेक युक्रेन आणि बेलारूसचे. त्यांच्या भाषा पोलिशच्या सख्ख्या बहिणी, त्यामुळे ते पुढे धावायचे आणि मी मागे राहायची. एका दिवशी मात्र मी सगळ्यांच्या बरोबरीने होते. बाई फळ्यावर 'दोन'ची रूपं लिहीत होत्या. दोन पुरुष असतील तर द्वाय, दोन बायका असतील तर द्व्ये, एक पुरुष आणि एक बाई असतील तर द्वोये. माझ्या शेजारी बसणारा तुर्की मुलगा कपाळाला हात लावून बसला. मी वहीत लिहिलं: दोघे, दोघी, दोघं. संपला विषय. नवरा-बायको असली की आपणही 'आम्ही दोघं'च म्हणतो ना?

मग आलं घड्याळ. 'क्तुरा गोजिना?' म्हणजे किती वाजले. शब्दशः 'कोणता तास', पण उत्तर क्रमवाचक येतं: पहिला, दुसरा, आठवा. 'आठ वाजले' नाही, 'आठवा तास आहे'. म्हणून मी मनातल्या मनात त्याचं भाषांतर 'कितवा तास?' असं केलं आणि उत्तर आपोआप नीट येऊ लागलं. इंग्रजीतून शिकणाऱ्यांची इथे अडचण होते, कारण त्यांच्याकडे 'कितवा'ला नीट शब्दच नाही. तास हा शब्द पोलिशमध्ये स्त्रीलिंगी असल्यामुळे प्येर्फ्शा, द्रुगा, त्शेचा, च्फार्ता असे सगळे आकारान्त होतात. बाईंनी आधी रेल्वेस्टेशनवरची वेळ शिकवली, चोवीस तासांची: साडेआठ म्हणजे 'उस्मा त्शीजेश्ची', आठवा तीस. दुपारी अडीचला 'चौदावा तीस'. सोपं होतं. मला वाटलं, झालं घड्याळ शिकून.

११ डिसेंबरला लेकीचा कान दुखायला लागला. दवाखान्यात मी स्वतः फोन केला. मुद्दाम, नवऱ्याला करू न देता. पलीकडच्या बाई भराभर बोलत होत्या. मी 'उद्या' पकडलं, 'डॉक्टर' पकडलं आणि वेळ पकडली: 'फ्पुव दो जेव्योंतेय'. फ्पुव म्हणजे अर्धा, हे माहीत होतं, कारण दुकानात अर्धा पाव मागायचे. जेव्योंता म्हणजे नववा. अर्धा, नऊ. साडेनऊ! मी थँक्यू म्हणून फोन ठेवला आणि नवऱ्याकडे जरा मान वर करूनच पाहिलं.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, बाहेर बर्फ होतं. दहा मिनिटं आधी, ९.२०ला, आम्ही खिडकीपाशी हजर. तिथल्या बाईंनी यादी पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे. त्यांनी आठ आणि नऊच्या मधे बोट ठेवलं. आमची वेळ साडेआठची होती. 'फ्पुव दो जेव्योंतेय' म्हणजे 'नवव्याकडे अर्धा'. आठ होऊन गेले, नवव्या तासातला अर्धा सरला, म्हणून साडेआठ. आपण मागचा तास धरून त्यात अर्धा मिळवतो, हे लोक पुढच्या तासाकडे बघून किती वाट चाललो ते सांगतात.

त्या बाई रागावल्या नाहीत. बसा म्हणाल्या, मधे जागा झाली की सोडते. पावणेबाराला जागा झाली. तोवर लेक माझ्या मांडीवर कान धरून कण्हत होती आणि मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत होते. रडू आलं होतं. कानापेक्षा त्या वर केलेल्या मानेमुळे.

बुधवारी वर्गात विचारलं तेव्हा बाईंना वाईट वाटलं. हे पुढच्या धड्यात येणार होतं म्हणे. त्यांनी सगळंच एकदम सांगून टाकलं. आठ वाजून पाच मिनिटं म्हणजे 'प्येंच पो उस्मेय', पाच आठव्यानंतर. आठला पाच कमी म्हणजे 'झा प्येंच उस्मा', पाचात आठवा. सव्वा आणि पावणेसाठी 'क्फाद्रान्स' आहे, पंधरा मिनिटांचा. आणि सात पंचवीसला काही लोक 'झा प्येंच फ्पुव दो उस्मेय' म्हणतात, पाचात आठव्याकडे अर्धा. हे ऐकून युक्रेनची मुलंसुद्धा हसली. मी ठरवलं, हे बोलायचं नाही, नुसतं ओळखायचं. बोलताना 'उस्मा त्शीजेश्ची' म्हटलं तरी समोरच्याला कळतं. ऐकताना मात्र सुटका नाही, कारण समोरचा त्याच्या मनाला येईल तेच म्हणणार.

तेव्हापासून नियम केला: 'फ्पुव' ऐकलं की एक वजा करून साडे लावायचं. नऊ ऐकलं, साडेआठ. तीन ऐकलं, साडेदोन. चालत होतं, पण दर वेळी डोक्यात गणित. तोवर समोरचा दोन वाक्यं पुढे गेलेला असायचा.

नाताळच्या सुट्टीनंतर, जानेवारीत, एका रविवारी आबांचा इचलकरंजीहून फोन आला. आबा हायस्कूलमध्ये मराठी आणि संस्कृत शिकवायचे. हिवाळ्यात आपण इथल्यापेक्षा साडेचार तास पुढे, उन्हाळ्यात इथली घड्याळं तासभर पुढे सरकतात तेव्हा साडेतीन. त्यामुळे आबांचा पहिला प्रश्न कायम तोच.

'तुमच्याकडे किती वाजले गं?'

'अडीच, आबा.' आणि मग मी त्यांना त्या दवाखान्याची गोष्ट सांगितली. म्हटलं, बघा कशी उलटी माणसं, अडीचला म्हणतात तिसऱ्याकडे अर्धा.

आबा क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, 'अगं, मग तू काय वेगळं म्हणालीस आत्ता? अडीच म्हणजे काय?'

'अडीच म्हणजे अडीच.'

'अर्धतृतीय. ज्यातला तिसरा अर्धा आहे ते. त्याचं झिजून झालं अडीच. दीड म्हणजे द्व्यर्ध, दुसरा अर्धा. आम्ही लहानपणी औटकी म्हणायचो, साडेतीनचा पाढा. औट म्हणजे अर्धचतुर्थ, चौथा अर्धा. साडे हा शब्द वेगळा, तो सार्ध, अर्ध्यासकट. तुझ्या पोलंडवाल्यांनी पुढे चालू ठेवलं, आपण अडीचवर थांबलो, एवढंच.'

मी फोन कानाला लावून स्वयंपाकघरात उभी होते. महिनाभर ज्याला उलटं म्हणत होते ते माझ्याच तोंडात होतं, रोज. आपण साडेएक म्हणत नाही, साडेदोन म्हणत नाही. लहान मूल म्हणालं तर हसतो. मग 'फ्पुव दो द्रुगेय' म्हणजे दीड, 'फ्पुव दो त्शेचेय' म्हणजे अडीच, यात वजाबाकी कुठली? नंतर कळलं की पोलिशमध्ये दीडला वेगळा शब्दही आहे, 'पुवतोरा', आणि तोही 'दुसरा अर्धा' यातूनच आलेला. दीड तास म्हणजे 'पुवतोरेय गोजिनी'. त्या दोन शब्दांवरून मी बाकीचं घड्याळ बसवलं. आधी दीड, मग अडीच, मग आबांचं औट, आणि त्याच चालीवर पुढचे. आठवडाभर ट्रामच्या थांब्यावर हेच पुटपुटत असायचे.

आबांनी फोन ठेवता ठेवता वळिवड्याची आठवण काढली. दुसऱ्या महायुद्धात आणि त्यानंतर, १९४३ ते १९४८, कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला पाचेक हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती. त्यातल्या बायका कोल्हापूरच्या बाजारात गेल्या असतील, तर भाजीवालीचं 'सव्वा' आणि 'पाऊण' त्यांनी कसं समजून घेतलं असेल? दीड-अडीच कदाचित त्यांना लवकर कळलं असेल, असं आबांना वाटतं. मलाही तसं वाटून घ्यायला आवडतं.

याच सुमारास सरकारी कामं चालू होती. राहत्या पत्त्याची नोंद केली तेव्हा आम्हाला पेसेल, म्हणजे इथले ओळख क्रमांक, मिळाले, फुकट. हा अकरा अंकी असतो आणि दवाखान्यापासून बँकेपर्यंत कुणीही तोंडी विचारतं. पाठ करायला वाटतो तितका अवघड नाही, कारण पहिले सहा अंक आपली जन्मतारीखच असते: वर्ष, महिना, दिवस. उरतात पाच. लेकीचा क्रमांक पाहून मात्र मी घाबरले. ती २०१९च्या मार्चमधली, आणि महिन्याच्या जागी २३! चूक झाली म्हणून पुन्हा रांगेत उभी राहिले. चूक नव्हती. २००० सालापासून जन्मलेल्यांच्या महिन्यात वीस मिळवतात, गेल्या शतकातल्या माणसांशी गल्लत होऊ नये म्हणून. मी माझा क्रमांक दोन-दोनच्या जोड्यांत पाठ केला आणि आंघोळ करताना म्हणत असे.

फोन नंबरची तऱ्हा वेगळी. नऊ अंक, आणि लोक ते तीन-तीनच्या गटात शेकड्यांनी सांगतात: सहाशे एक, दोनशे चौतीस वगैरे. म्हणजे नंबर लिहून घ्यायला स्तो, द्व्येश्चे, त्शीस्ता इथपासून जेव्येंसेतपर्यंत सगळं यायला हवं. नाही आलं तर दोन वाक्यं जवळ ठेवा. 'त्सिफ्रा पो त्सिफ्शे', एकेक अंक करून. आणि 'चि मोझे पानी नापिसाच?', बाई, लिहून देता का? (पानी म्हणजे बाई. पाणी नव्हे. हा विनोद इथला प्रत्येक मराठी माणूस करतो, मीही केला.) लिहून दिलं तरी डोळे उघडे ठेवा. इथले लोक हाताने एक लिहिताना वरची रेघ इतकी लांब ओढतात की तो आपल्याला इंग्रजी सातसारखा दिसतो. सातला मधून आडवी रेघ असते. रेघ नाही म्हणजे एक.

तात्पुरत्या वास्तव्याचा माझा अर्ज जानेवारीत गेला, मुद्रांक शुल्क ३४० झ्वोती. बोटांचे ठसे द्यायला २ फेब्रुवारीला बोलावलं. त्या दिवशी आकड्यांची पाटी बंद होती आणि दारातून एक बाई क्रमांक पुकारत होत्या. माझा वीस. 'द्वानाश्चे' म्हटल्याबरोबर मी ताडकन उठले आणि दारापर्यंत गेले. बारा नंबरचे आजोबा माझ्याकडे बघत उभे. 'ना' ऐकायचं, हा माझाच नियम मी विसरले होते. परत येऊन बसले. पुढचे आठ क्रमांक पुकारले जाईपर्यंत दीड तास गेला. मी तो पुवतोरेय गोजिनी असा मोजला.

मग कधीतरी, मार्चमध्ये असेल, आकडे ऐकू यायला लागले. तोवर ते उलगडावे लागायचे. शेजारच्या आजी रोज दुपारी रेडिओ लावतात आणि बाराच्या ठोक्याला आमच्या भिंतीतून तुतारी ऐकू येते. ती इथल्याच सेंट मेरी चर्चच्या मनोऱ्यावरून वाजते, दर तासाला, चार दिशांना चार वेळा, आणि दुपारी बाराची थेट रेडिओवर जाते, १९२७ पासून. सूर मधेच तुटतो. तातारांचा बाण तुतारीवाल्याच्या गळ्यात लागला म्हणून, अशी दंतकथा आहे. तुतारीनंतर रेडिओवरचा माणूस काहीतरी बोलतो. एक दिवस त्यातलं 'द्वुनास्ता' मला कळलं, पोळी लाटता लाटता, प्रयत्न न करता.

परवा, जूनमध्ये, लेकीच्या लशीसाठी त्याच दवाखान्यात फोन केला. पलीकडून आलं, 'फ्पुव दो त्शेचेय'. माझ्या डोक्यात 'अडीच' असंच उमटलं, मधे काही न घडता. तरी दूध पोळलेलं, म्हणून ताक फुंकून विचारलं: 'च्तेर्नास्ता त्शीजेश्ची?' चौदावा तीस?

'नो ताक,' त्या म्हणाल्या. पोलिशमध्ये 'नो' म्हणजे जवळजवळ 'हो'च. तो वेगळा लेख होईल.

फ्रिजवर चिठ्ठी लावली, 'लस, अडीच'. संध्याकाळी नवऱ्याने ती वाचली.

'नक्की अडीच?'

'नक्की.'

त्या दिवशी आम्ही दोघं, द्वोये, लेकीला घेऊन दीडलाच जाऊन बसलो.